आभाळावरील आळ

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, बाजारभाव आणि क्रिकेटचे सामने यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेंत, अधूनमधून एक वाक्य छापलेलें आढळतें : 'युद्ध व प्रतिकूल हवामान यांमुळें अमुक देशांत अन्नटंचाई तीव्र झाली आहे.' व्याकरणाच्या दृष्टीनें वाक्य निर्दोष आहे. त्यांत कारण आहे, कार्य आहे, स्थळहि आहे. नाहीं तो एकटा कर्ता. सकाळच्या चहाबरोबर तें वाचून आपण 'अरेरे!' म्हणतों आणि पान उलटतों. कारण ज्या कृत्याला करणारा कोणी नाहीं, त्याबद्दल रागावणार तरी कोणावर? आमची तक्रार या वाक्याविरुद्ध आहे, आणि विशेषेंकरून त्यांतल्या त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या 'व'विरुद्ध आहे.

या 'व'नें युद्ध आणि हवामान हीं एका दावणीला बांधून टाकलीं आहेत. जणूं दोन्ही आभाळांतूनच कोसळतात आणि दोन्हींपुढें मनुष्य सारखाच लाचार आहे. निदान अर्धा दोष इकडे आणि अर्धा तिकडे, एवढी वांटणी तरी तो करतोच. आमच्या मतें हा हिशेबच चुकीचा आहे. या दोन गोष्टींचा संबंध बेरजेचा नव्हे. अवर्षण किंवा अतिवृष्टि पीक नेते. परंतु पीक गेल्यावरहि जगून राहण्याच्या ज्या वाटा मनुष्यानें शेंकडों वर्षांच्या अनुभवानें पाडून ठेविल्या आहेत, त्या वाटा युद्ध बुजवितें, आणि माणसें मरतात तीं त्या बुजलेल्या वाटांच्या तोंडाशीं. वाट बुजविणाऱ्यास नांव असतें, हुद्दा असतो, पुष्कळदां गणवेशहि असतो. त्याचा अपराध आभाळाच्या माथीं मारण्याचें काम तो 'व' बिनबोभाट करीत असतो.

हें आम्ही सुदान देशाच्या उदाहरणानें दाखविणार आहों. कोणी म्हणेल, सुदानशीं आपला काय संबंध? संबंध ताटापुरता तरी आहे. ज्या ज्वारीच्या भाकरीवर देशावरच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, तिचें माहेर ईशान्य आफ्रिकेंत, त्याच सुदानच्या आसपास, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथें तिला 'दुरा' म्हणतात. तिचें पीठ आंबवून तव्यावर 'किस्रा' नांवाचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात, आणि घट्ट शिजवून 'असीदा' करतात, जो आमच्या उकडीचा सख्खा भाऊ शोभावा. पश्चिमेकडील दारफूरच्या वाळवट मुलुखांत बाजरी पिकते. तेव्हां तेथें जो उपाशी मरतो तो आपल्याच पंक्तीचा माणूस आहे. पान तेवढें लांब मांडलेलें.

दारफूरला पावसाची लहर नवी नाहीं. १९८४-८५ सालीं तेथें असें अवर्षण पडलें कीं, सहाराच्या दक्षिण कांठची ती सबंध पट्टी करपून गेली. त्यानंतर लौकरच तेथें खेडोपाडीं हिंडलेले इंग्रज अभ्यासक अलेक्स द वाल यांनीं १९८९ सालीं या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतली हकीकत आमच्या माणदेशांतल्या एखाद्या म्हाताऱ्यास वाचून दाखविली, तर ती त्याला स्वतःच्या गांवची वाटेल. लोकांनीं रानांतलीं 'मुखैत' नांवाचीं कडू फळें दिवसचे दिवस पाण्यांत भिजत घालून त्यांचा कडवटपणा काढला आणि तीं खाल्लीं. शेळ्यामेंढ्या विकून धान्य घेतलें. पुरुष मजुरी शोधीत दूरच्या मुलुखीं गेले, बायकांनीं सरपण आणि गवत विकलें. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, घरांत पेरणीचें बियाणें असतांना पुष्कळांनीं तें शिजविलें नाहीं. तें पोटाशीं धरून ते उपाशी निजले. भूक त्यांना सोसवत होती. पुढच्या वर्षीं शेतकरी न राहणें सोसवत नव्हतें. त्या संकटांत सुमारें एक लाख माणसें दगावलीं, तीं बहुतांशीं रोगराईनें. हा आंकडा लहान नव्हे. तथापि जे लक्षावधि लोक वांचले, ते मुख्यत्वें स्वतःच्या हिकमतीनें वांचले. बाहेरची मदत उशिरां आणि तुटपुंजी आली होती.

आतां याच मुलुखाकडे २०२३ सालीं पाहूं. त्या वर्षीं १५ एप्रिल रोजीं राजधानी खार्तूम येथें दोन सेनापतींची जुंपली. एक सरकारी लष्कराचा प्रमुख अब्देल फत्ताह अल् बुरहान. दुसरा महंमद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती, 'जलद साहाय्य दल' असें साळसूद नांव धारण करणाऱ्या निमलष्करी फौजेचा म्होरक्या. दीड वर्षापूर्वीं याच दोघांनीं मिळून नागरी राज्यकारभार उलथून पाडला होता. तेव्हां हें भांडण कोणत्याहि तत्त्वाचें होतें अशी कोणी समजूत करून घेऊं नये. या भांडणापायीं एक कोटीहून अधिक लोक घरांतून उठले, आणि १९८४ च्या त्या वाटा एकामागून एक बंद झाल्या. रानांत फळें वेंचावयास जावें, तर वाटेवर बंदुकवाले. बायकांनीं सरपणाला बाहेर पडावें, तर अब्रूची शाश्वती नाहीं. शेळ्या बाजारीं न्याव्या, तर त्या हांकून नेल्या जातात, आणि नेल्या नाहींत तरी बाजारच जळालेला. मजुरीसाठीं पूर्वेकडे जावें, तर मधें लढाईची आघाडी. बियाणें पोटाशीं धरून उपाशी निजण्याची सोय तरी उरावी. पण कोठारें लुटणाऱ्यास खाण्याचें धान्य आणि पेरण्याचें धान्य हा भेद करण्याचें कारण काय?

एक वाट मात्र लोकांनीं नव्यानें पाडली, तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शहरोशहरीं, मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या तरुणांनीं सार्वजनिक चुली पेटविल्या. जें मिळेल तें एका हंड्यांत शिजवून रांगेंतल्या माणसांस वाढलें. या चुलींना मोठा आधार अमेरिकेच्या पैशाचा होता. २०२५ च्या आरंभीं त्या सरकारनें आपली परदेशीं जाणारी मदत एकाएकीं थोपविली, आणि हजाराहून अधिक चुली थंड झाल्या. हें युद्धहि नव्हे आणि हवामानहि नव्हे. लेखणीच्या एका फटकाऱ्यास कोणत्या सदरांत घालावें, हें त्या 'व'च्या अभिमान्यांनींच सांगावें.

आमच्या म्हणण्याची खरी कसोटी दारफूरसारख्या कोरडवाहू प्रांतांत लागत नाहीं. ती जझीऱ्यांत लागते. निळी नाईल आणि पांढरी नाईल यांच्या दुआबांत जझीरा नांवाचा कालव्याचा प्रदेश आहे. १९२५ सालीं सेन्नारचें धरण पुरें झालें तें अर्थात् सुदानी माणसाच्या प्रेमानें नव्हे, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता म्हणून. परंतु पुढें त्याच पाण्यावर ज्वारी, गहूं, भुईमूग पिकूं लागले, आणि सुमारें २३ लाख एकरांची ही जमीन देशाचें कोठार बनली. पाऊस रुसला तरी कालवा रुसत नाहीं. उपासमार जर आभाळाचें कर्तृत्व असती, तर हा प्रदेश सर्वांच्या शेवटीं कोसळावयास हवा होता. डिसेंबर २०२३ मध्यें हेमेदतीची फौज वाद मदनी या तेथील मुख्य शहरांत शिरली. ट्रॅक्टर गेले, बियाणें गेलें, कालव्यांची निगा राखणारी माणसें पळालीं. त्याच शहरांत जागतिक अन्न कार्यक्रमाचें गोदाम होतें. सुमारें पंधरा लाख माणसांस महिनाभर पुरेल एवढें त्यांतलें अन्न लुटून नेण्यांत आलें. त्या सालचें देशांतील तृणधान्याचें उत्पन्न, संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या अंदाजानें, सुमारें ४१ लाख टन भरलें. आदल्या वर्षापेक्षां शेंकडा ४६ नीं कमी.

पुढचें वर्ष याहूनहि बोलकें आहे. २०२४ सालीं पाऊस चांगला झाला. कांहीं ठिकाणीं तर तो इतका झाला कीं, पोर्ट सुदानजवळचें अर्बात धरण ऑगस्टमध्यें फुटून गांवें वाहून गेलीं. धान्याचें उत्पन्न वाढून सुमारें ६७ लाख टनांवर गेलें. आणि त्याच ऑगस्टच्या आरंभीं दारफूरमधील झमझम या निर्वासितांच्या छावणींत भूकबळींचा दुष्काळ पडल्याचें तज्ज्ञांनीं जाहीर केलें; डिसेंबरांत अशीं ठिकाणें पांच झालीं; तें वाढलेलें पीक घरांत येऊन गेल्यानंतर, २०२५ च्या सप्टेंबरच्या स्थितीवरून, अल् फाशर आणि कादुग्ली हीं दोन वेढलेलीं शहरें त्याच यादींत जाऊन बसलीं. पाऊस वाढला, पीक वाढलें, आणि दुष्काळहि वाढला! हें त्रैराशिक ज्यांना हवामानाच्या तक्त्यावरून सोडवितां येईल त्यांनीं अवश्य सोडवावें.

अल् फाशरचें काय झालें तें थोडें विस्तारानें सांगतों. उत्तर दारफूरची ही राजधानी २०२४ च्या मेपासून वेढ्यांत होती, आणि २६ ऑक्टोबर २०२५ रोजीं ती पडली. म्हणजे पांचशेंहून अधिक दिवस. २०२५ मध्यें वेढा घालणाऱ्यांनीं शहराभोंवतीं कित्येक मैल मातीचा बांध घातला. आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो. बांध हा शब्द आमच्या शेतकऱ्याच्या तोंडीं किती मायेचा आहे! पाणी अडावें, माती राहावी, म्हणून तो घालतात. येथें तो घातला होता आंत धान्य जाऊं नये आणि बाहेर माणूस जाऊं नये म्हणून. आंतल्या लोकांनीं काय खाल्लें? 'अंबाज'. म्हणजे भुईमुगाचें तेल काढल्यावर उरलेली पेंड. जी आपण म्हशीच्या पुढ्यांत टाकतों, तीच. अखेरीस तीहि मिळेना. या बांधाच्या आंत किती इंच पाऊस पडला होता, हा प्रश्न विचारण्यांत कांहीं अर्थ आहे काय?

दुष्काळ 'जाहीर होणें' हाहि एक प्रकार पाहण्यासारखा आहे. शंभरांतलीं वीस घरें अन्नाला पारखीं झालीं, शंभरांतलीं तीस मुलें सुकून गेलीं आणि दर दहा हजारांत रोज दोन माणसें भुकेनें वा भुकेपोटीं आलेल्या रोगानें मरूं लागलीं, कीं मग तज्ज्ञमंडळी हा शब्द उच्चारतात. इतकी सोंवळी व्याख्या असूनहि सुदानच्या लष्करी सरकारानें ती मानली नाहीं. देशांत दुष्काळ नाहींच असें सांगून डिसेंबर २०२४ मध्यें त्यानें या मोजणीशीं असलेला संबंधच थांबविला. असें करणारें हें पहिलें सरकार नव्हे. १६ ऑक्टोबर १९४२ रोजीं मेदिनीपुरावर चक्रीवादळ आलें आणि भात झोपलें. ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेल्यामुळें तेथील तांदूळ बंद झालाच होता. त्यांत शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून सरकारनें बंगालच्या किनाऱ्यावरील होड्या आणि तांदळाचे सांठे उचलले. ज्या मुलुखांत नदी हाच रस्ता, तेथें होडी नेणें म्हणजे रस्ता नेणेंच होय. १९४३ सालीं कलकत्त्याच्या पदपथांवर प्रेतें पडूं लागलीं तरी बंगाल सरकारनें दुष्काळ-संहितेप्रमाणें दुष्काळ जाहीर केला नाहीं. कारण जाहीर केला, कीं कामें काढणें आणि अन्न देणें हें कर्तव्य होऊन बसतें. चौकशी-समितीनें १९४५ सालीं मृतांचा आंकडा पंधरा लाख दिला. नंतरच्या कित्येक अभ्यासकांनीं तो तीस लाखांपर्यंत नेला आहे. आणि १९४१ सालीं, म्हणजे दुष्काळ नसतांना, बंगालांत जेवढा तांदूळ होता त्यापेक्षां १९४३ मध्यें तो अधिकच होता, असें अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें.

शब्द नाहींसा करण्याची विद्या आमच्या घरींहि आहे. १९६३ सालीं महाराष्ट्र राज्यानें कायदा करून आपल्या सर्व कायद्यांतून 'दुष्काळ' या अर्थाचा इंग्रजी शब्द काढून टाकला आणि त्याच्या जागीं 'टंचाई' आणली. नऊ वर्षांनीं निसर्गानें या कायद्याची परीक्षा घेतली. १९७२-७३ चें अवर्षण ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तें वर्णन करून सांगण्याची जरुरी नाहीं. विहिरी आटल्या, जनावरें कवडीमोलानें गेलीं, धान्याचें पीक नेहमींच्या निम्म्यावरहि आलें नाहीं. तरी त्या सालीं बंगालसारखीं प्रेतें रस्त्यावर पडलीं नाहींत. तीं कां पडलीं नाहींत? मे १९७३ मध्यें जवळजवळ पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं, पाझर तलाव खणीत होतीं. पदरांत मजुरी पडत होती, पोरांच्या हातावर सुकडी पडत होती, आणि नाक मुरडीत कां होईना, घरोघर अमेरिकेची तांबडी मिलो शिजत होती. मजुरी थकली तर लोक तहसील-कचेरीवर चालून जात. मुंबईंत बायका लाटणीं घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या व्यवस्थेचीं उणींदुणीं आम्हांस ठाऊक आहेत आणि तिचा पोवाडा गाण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, आभाळानें आपल्याकडून कांहींएक कसर ठेविली नव्हती. परंतु रस्ते उघडे होते, आणि ज्याच्या दारीं जाऊन ओरडावें असें एक दार होतें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप बैठकींतला आहे : 'ते लोक तसलेच; आपसांत लढायचे आणि मग उपाशी मरायचे.' असें म्हणणाऱ्या गृहस्थांनीं १६३०-३२ चें साल आठवावें. पाऊस पडला नव्हता, शहाजहानच्या फौजा बऱ्हाणपुरास तळ देऊन दख्खनवर चालून आल्या होत्या, आणि पुणें आदिलशाही सरदारानें जाळून बेचिराख केलें होतें. त्या दुष्काळांत तुकोबांची पहिली बायको अन्नावांचून गेली. त्या वेळचा कोणी परदेशी प्रवासी 'हे लोक तसलेच' असें लिहून पुढें चालता झाला असता, तर आज आपणांस तें वाचून काय वाटलें असतें?

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आणि अधिक विद्वान आहे. तो म्हणतो, हवामान खरोखरच बदलत आहे, तें तुम्ही कमी लेखतां. आम्ही तें मुळींच कमी लेखीत नाहीं. जगाच्या धुरांत सबंध आफ्रिकेचा वांटा शेंकडा चारांच्या आसपास, आणि त्याचा ताप मात्र तिच्या वांट्याला अधिक, हा अन्याय डोळ्यांआड करतां येत नाहीं. परंतु सोमालियाकडे पाहावें. तेथें २०१०-११ मध्यें लागोपाठ दोन पाऊस चुकले. दक्षिणेंतील मोठा भाग अल् शबाब या टोळीच्या ताब्यांत होता, तिनें परक्यांची मदत बंद पाडली होती. आणि इकडे अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धाकानें मदत करणाऱ्यांनींहि हात आंखडले. २,५८,००० माणसें गेलीं, त्यांतलीं निम्मीं पांच वर्षांखालचीं मुलें. पुढें २०२० पासून २०२२ अखेर लागोपाठ पांच पाऊस चुकले. तापलेल्या हवेमुळें त्या अवर्षणाचा संभव शतपट वाढला होता, असा शास्त्रज्ञांचा निर्वाळा आहे. तरी मदत वेळीं पोंचल्यामुळें दुष्काळ जाहीर होण्याची पाळी आली नाहीं. २०२२ सालीं सुमारें ४३,००० जीव जास्त गेले असा अंदाज आहे, आणि तेहि कांहीं थोडे नव्हेत. पण दोन पावसांच्या चुकीला अडीच लाख आणि पांच पावसांच्या चुकीला त्याहून पुष्कळ कमी, हा फरक ढगांनीं केला नाहीं. हवामानाचा दोष जो आहे तो त्याला द्यावा. दुसऱ्याचा देऊं नये. 'सर्व मानवजात जबाबदार आहे' हें वाक्य फार उदार आहे खरें, पण मानवजातीवर समन्स बजावतां येत नाहीं.

ज्यांच्यावर तें बजावतां येईल ते अज्ञात नाहींत. सुदानांत सोनें निघतें. युद्धाचा खर्च बराचसा त्यावर चालला आहे, आणि तें मुख्यतः संयुक्त अरब अमिरातींत जातें. त्या राज्यानें हेमेदतीच्या फौजेला शस्त्रें पोंचविलीं, हा आरोप संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळानें जानेवारी २०२४ च्या अहवालांत विश्वसनीय ठरविला. त्या राज्यानें तो सतत नाकारला आहे. सोनें एकदां मुशींत वितळलें कीं त्याला कुळगोत्र उरत नाहीं. दुबईहून आणलेल्या बांगड्यांच्या घडणावळीची चौकशी आमच्या घरांत फार बारकाईनें होते. त्यापलीकडची चौकशी कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उपासमार हें युद्धाचें हत्यार म्हणून वापरूं नये, असा ठराव सुरक्षा-समितीनें मे २०१८ मध्यें एकमतानें केला आहे. एकमत होण्यास अडचण पडली नाहीं, कारण त्यांत कोणाचें नांव नव्हतें.

आतां शेवटची एक हकीकत, कारण तींत आमचें सबंध म्हणणें सांपडतें. दारफूरला धान्य नेण्याचा सर्वांत जवळचा रस्ता चाड देशांतून आद्रे या नाक्यावरून येतो. फेब्रुवारी २०२४ मध्यें लष्करी सरकारनें तो नाका बंद केला. त्यावरून शत्रूला शस्त्रें जातात असें त्याचें म्हणणें. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे : हे कोरडे महिने. नद्यांच्या पात्रांत वाळू असते, मालमोटारी कोठूनहि जाऊं शकतात. ते महिने गेले. जून-जुलैंत पाऊस लागला. ऑगस्टच्या मध्यास, झमझमचा दुष्काळ जाहीर झाल्यावर, नाका उघडला. तोंवर ओढ्यांना पूर आले होते, आणि त्याच महिन्यांत पश्चिम दारफूरमधील मोर्नीचा पूल वाहून गेला. धान्यानें भरलेल्या गाड्या चिखलांत उभ्या राहिल्या. 'पुरामुळें मदत अडली' अशी तार जगभर गेली, आणि आमच्याकडील पत्रांतहि ती त्या चिंचोळ्या जागेंत छापून आली.